उंचावरील शिलालेखांचे छायाचित्रण : टेलिफोटो झूम भिंग आणि अस्पष्टतेची कारणे

काही वर्षांपूर्वी एका क्षेत्रभेटीत एका ग्रामदैवताच्या देवळावर चार ओळींचा देवनागरी शिलालेख आमच्या पाहण्यात आला. सभामंडपाच्या दर्शनी भिंतीत, जमिनीपासून सुमारे सात मीटर उंचीवर, तो बसविलेला होता. शिडी लावण्यास गावकऱ्यांची हरकत नव्हती. परंतु तेवढ्या उंचीची शिडीच गावात नव्हती, त्यामुळे ठसा घेणे शक्य झाले नाही. प्रस्तुत लेखकाने ३०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या झूम भिंगाने अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून साठ-बासष्ट छायाचित्रे घेतली, कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा पडद्यावर ती पाहिली, ती चांगली दिसली, आणि आम्ही परतलो. विभागात येऊन चित्रे मोठी करून पाहता एकाही चित्रात शकाचा अंक निःसंदिग्धपणे वाचता येईना. पहिले दोन अंक व शेवटचा अंक ठीक होते. तिसरा १ की ९ हे ठरेना. शक १६१२ म्हणजे इ. स. १६९०-९१, राजाराम महाराज जिंजीस असतानाचा काळ. शक १६९२ म्हणजे १७७०-७१, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीची अखेरची वर्षे. देवळाचा जीर्णोद्धार या दोहोंपैकी केव्हाचा, यावर ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण अवलंबून होते, त्याच्या दृष्टीने हा ऐंशी वर्षांचा फरक मामुली नव्हता. पावसाळा संपल्यावर तो पुन्हा त्या गावी गेला, तेव्हा यात्रेच्या निमित्ताने देऊळ नव्याने रंगविले गेले होते आणि तैलरंगाच्या जाड थराखाली लेखाची अक्षरे बुजून गेली होती.

हा दोष कॅमेऱ्याचा नव्हता, भिंगाचाही नव्हता. तो छायाचित्र घेणाऱ्याचा होता, आणि तो कशामुळे घडला हे त्या वेळी आम्हांस नीट सांगताही आले नसते. आपल्या विभागात इतिहास, पुरातत्त्व व मूर्तिशास्त्र या विषयांचे जे विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रकार्यासाठी बाहेर पडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ आता ७०-३०० किंवा १००-४०० मिलिमीटरचे झूम भिंग असते. परंतु त्याच्या वापराचे शास्त्र त्यांस कोणी शिकविलेले नसते. ही उणीव काही अंशी भरून काढावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम एक शब्द स्पष्ट करणे अवश्य आहे. ‘टेलिफोटो’ ही संज्ञा व्यवहारात कोणत्याही लांब केंद्रांतराच्या भिंगास लावली जाते. शास्त्रीय अर्थाने मात्र, पुढील बाजूस अभिसारी व मागील बाजूस अपसारी भिंगसमूह योजून ज्याची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतराहून कमी केलेली असते, तेच टेलिफोटो भिंग होय. अशी रचना १८९१ मध्ये इंग्लंड व जर्मनी या दोन्ही देशांत स्वतंत्रपणे पुढे आली. झूम म्हणजे केंद्रांतर बदलता येणारे भिंग. ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी असे भिंग १९५९ मध्ये प्रथम बाजारात आले. दोहोंचा संयोग सोयीचा खराच, पण त्या सोयीची किंमत मोजावी लागते, आणि ती कोठे मोजावी लागते हे आकड्यांनीच पाहणे बरे.

चोवीस दशलक्ष चित्रबिंदूंचा, पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कॅमेरा घेऊ. त्याचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असून त्यावर आडव्या ओळीत सुमारे ६,००० चित्रबिंदू, म्हणजे व्यवहारातील पिक्सेल, असतात. तेव्हा प्रत्येक चित्रबिंदू ०·००६ मिलिमीटरचा. वर सांगितलेल्या लेखातील अक्षरे तीन सेंटिमीटर उंचीची होती व आम्ही त्यांपासून पंधरा मीटरवर उभे होतो. ३०० मिलिमीटर केंद्रांतरावर अशा अक्षराची प्रतिमा ०·६ मिलिमीटर, म्हणजे शंभर चित्रबिंदूंइतकी उंच पडते. शंभर चित्रबिंदूंत एक अक्षर सुखाने वाचता यावे. अक्षराची रेघ तीन मिलिमीटर रुंद धरली तर तिच्या वाट्यास दहा चित्रबिंदू येतात. तेही पुरेसे आहेत.

आता हाताचा कंप विचारात घेऊ. निरोगी माणसाचा हातही स्थिर नसतो. त्यास सेकंदास साधारणतः आठ ते बारा आवर्तनांचा सूक्ष्म कंप असतो, आणि त्याखेरीज श्वासोच्छ्वासाने व तोल सावरण्याने होणारे संथ डोलणे असतेच. वीस सेंटिमीटर लांबीच्या भिंगाचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या मानाने एक दशांश मिलिमीटर, म्हणजे लिहिण्याच्या एका कागदाच्या जाडीइतके, हलले अशी कल्पना करा. त्यामुळे भिंगाचा अक्ष ०·०००५ रेडियनमधून फिरतो आणि संवेदकावरील प्रतिमा ०·१५ मिलिमीटर, म्हणजे पंचवीस चित्रबिंदू, सरकते. अक्षराचा चौथा हिस्सा पुसला जाण्यास कागदाच्या जाडीइतकी हालचाल पुरते!

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे, ती छायाचित्रणावरील पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते. लांब केंद्रांतरामुळे कंप वाढतो असे आपण म्हणतो, पण ते पूर्णांशाने खरे नाही. भिंग ३०० चे असो की १०० चे असो, ०·०००५ रेडियनचे भ्रमण पंधरा मीटरवरील दगडाचा साडेसात मिलिमीटर भाग एकमेकांत मिसळून टाकते. १०० मिलिमीटरवर अक्षरच लहान पडल्यामुळे तो दोष नजरेस येत नाही, एवढाच काय तो फरक. शिलालेख वाचणाऱ्यास महत्त्व आहे ते दगडावरील मिलिमीटरांना. आणि तेथील अस्पष्टता केवळ भ्रमणाचा कोन व अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. यावरून निघणारा पहिला उपाय कोणतेही उपकरण न लागणारा आहे : जवळ जा. पंधरा मीटरचे अंतर आठ मीटर केले तर तोच हात जवळजवळ निम्मीच हानी करील. अर्थात उंचावरील लेखाच्या फार जवळ गेले तर तो फार तिरकस दिसतो, अक्षरांची उंची आखडते आणि खालचा काठ शेवटच्या ओळींच्या आड येतो. तेव्हा दोन टोकांमधील योग्य जागा शोधणे हे कामाचा अर्धा भाग होय. समोरच्या ओवरीचा किंवा नगारखान्याचा कठडा, देवळाच्या अंगणातील दीपमाळेचा चौथरा, शेजारच्या घराची माळवदी, या जागा त्या दृष्टीने फार उपयोगी पडतात, कारण तेथून अंतर न वाढता उंची साधते.

दुसरा उपाय उद्भासनकाल कमी करण्याचा. वर धरलेला कंप सेकंदास दहा आवर्तनांचा आहे असे मानून हिशोब केला, तर १/३० सेकंदाच्या उद्भासनात प्रतिमा प्रतिकूल क्षणी वीसहून थोडे अधिक चित्रबिंदू सरकते, १/३०० सेकंदात सुमारे अडीच, आणि १/१००० सेकंदात एकाहूनही कमी. ‘उद्भासनकाल हा केंद्रांतराच्या व्यस्तांकाहून अधिक नसावा’, म्हणजे ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद, हा जो नियम जुने छायाचित्रकार सांगत, तो फिल्मच्या काळचा आणि हातात धरून पाहण्याच्या मध्यम आकाराच्या प्रतींसाठी होता. एकेक अक्षर पडद्यावर भरून पाहणाऱ्या संशोधकास तो अपुरा आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे त्या काळाचा निम्मा, शक्य तर तिसरा हिस्सा घ्यावा. आणि संवेदक लहान असल्यास केंद्रांतरास दीडने गुणून मगच व्यस्तांक काढावा.

यावर विद्यार्थी नेहमी हरकत घेतात की, एवढा लहान काळ घेतला तर आयएसओ अंक वाढवावा लागतो आणि चित्रात रवाळपणा येतो. हरकत खरी आहे, परंतु हे दोन दोष एका जातीचे नव्हेत. रवाळपणा हा यादृच्छिक असतो. त्याच लेखाची सोळा चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली तर तो एक चतुर्थांशावर येतो. कंपाने आलेली अस्पष्टता ही मात्र गणिताच्या भाषेत संवलन होय. एका दिशेने एकसारख्या गतीने ‘ल’ एवढी प्रतिमा सरकली, तर ज्यांची पुनरावृत्ती नेमकी ‘ल’, ‘ल’ चा अर्धा, तिसरा हिस्सा अशा अंतरांवर होते ते सर्व सूक्ष्म तपशील शून्याने गुणले जातात. शून्याने गुणलेले पुढे कोणत्याही भागाकाराने परत मिळत नाही. १६०० किंवा ३२०० आयएसओवर घेतलेले रवाळ पण स्थिर चित्र वाचता येते; १०० आयएसओवरील गुळगुळीत पण हललेले चित्र वाचता येत नाही. यांतून निवड करण्याची वेळ आली असता संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कंपाची दिशा हा विषय लिपीच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देण्यासारखा आहे. झडपेचे बटन खाली दाबले जाते, त्यामुळे कॅमेरा बहुधा वरखाली झुकतो आणि प्रतिमा उभ्या दिशेने पुसली जाते. अशा चित्रात उभे दंड स्पष्ट राहतात, कारण ते आपल्याच लांबीच्या दिशेने सरकतात; शिरोरेखा व आडव्या रेघा मात्र फिकट होऊन पसरतात. उलट, शरीर डाव्या-उजव्या बाजूस डोलल्यास शिरोरेखा अगदी कोरल्यासारखी रेखीव राहते आणि काना व दंड विरतात. देवनागरी लेखात शिरोरेखा हीच सर्वांत लांब व ठळक रेघ असल्याने अशा चित्रावर पहिली नजर टाकताच ते स्पष्ट आहे असा भास होतो. आमच्या त्या साठ चित्रांपैकी निदान वीस चित्रांनी आम्हांस याच रीतीने फसविले. चित्राची परीक्षा करावयाची ती म्हणूनच नेहमी आडवी व उभी अशा दोन्ही रेघा तपासून. ब्राह्मी लेखांत धोका निराळा आहे. तेथे शिरोरेखा नाही, पण आकार व एकार हे अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे किंवा डावीकडे निघणाऱ्या लहानशा आडव्या रेघेने दाखविलेले असतात आणि अनुस्वार हा केवळ एक टिंब असतो. आडव्या कंपाने दंडाचे टोक रुंदावले की तेथे मात्रा आहे की नाही हे सांगणे अवघड होते. फारसी लेखांत तर नुकत्यांवरच सर्व भिस्त असते. दोन नुकते मिळून एक झाले की ‘ते’ ची ‘बे’ झाली नसली, तरी ती झाली नाही असे शपथेवर सांगता येत नाही.

हात शक्य तितका स्थिर ठेवण्याच्या युक्त्या शब्दांनी सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखविण्याच्या आहेत, तरी थोडक्यात निर्देश करतो. डावा तळहात भिंगाच्या खाली, त्याच्या भाराच्या मध्याशी असावा. कॅमेऱ्याच्या पेटीखाली नव्हे. कोपरे बरगड्यांस टेकलेली असावीत. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे. छाती भरून श्वास रोखल्यास कंप उलट वाढतो. बटन दाबावयाचे ते टिचकी मारल्यासारखे नव्हे, तर हळूहळू दाब वाढवीत. सलग चार-पाच चित्रे घेण्याची सोय असेल तर ती वापरावी. पहिल्या चित्रात बोटाचा धक्का असतो, दुसरे-तिसरे बहुधा अधिक स्थिर निघते. भिंत, खांब, गाडीचे छत, जे मिळेल त्याचा आधार घ्यावा. कठड्यावर ठेवण्यासाठी धान्याची छोटी पिशवी आम्ही नेहमी बरोबर बाळगतो; प्रवासास जाताना रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर बाजारातून किलोभर ज्वारी किंवा तांदूळ घेऊन ती भरावी. हे साधन कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा कमी प्रतीचे नाही, आणि परतताना दानाच्याही उपयोगी पडते.

तिपाई हा यावरचा खरा उपाय आहे हे उघड आहे. परंतु भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारकांत तिपाई लावण्यास आगाऊ परवानगी लागते. ती विभागामार्फत पुरेशी आधी मागितली पाहिजे, आदल्या दिवशी नव्हे. तिपाई मिळाली म्हणजे सर्व चिंता मिटली अशीही समजूत करून घेऊ नये. लांब भिंग तिपाईवर कॅमेऱ्याच्या तळापासून न बसविता, भिंगाला स्वतःचे कडे असल्यास त्या कड्यापासून बसवावे, नाहीतर पुढचा भार लोंबत राहून प्रत्येक झुळकीसरशी भिंग डोलते. मधला दांडा वर काढू नये; तो वर काढणे म्हणजे तिपाईवर काठी रोवून तीवर कॅमेरा ठेवणे होय. बटन हाताने न दाबता दूरनियंत्रकाने किंवा काही सेकंदांच्या विलंबाने दाबवावे. आरशाच्या जातीच्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलला जाताना बसणारा धक्का १/४ ते १/३० सेकंद या टप्प्यात सर्वांत अधिक बाधतो. आरसा आधीच उचलून ठेवण्याची सोय त्यासाठीच असते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हा प्रश्न नाही, तरी झडपेचा स्वतःचा धक्का असतो आणि पहिला पडदा विद्युतीय ठेवल्यास तो टळतो.

अलीकडच्या भिंगांत कंपनिवारणाची यंत्रणा असते. अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांत ती १९९५ पासून आली; भिंगातील एक घटक किंवा खुद्द संवेदकच हाताच्या उलट दिशेने सरकवून ती प्रतिमा स्थिर राखते. उत्पादक तिचा गुण ‘चार पायऱ्या’, ‘पाच पायऱ्या’ असा सांगतात. चार पायऱ्या म्हणजे उद्भासनकाल सोळापट करता येणे. प्रत्यक्षात याहून एक पायरी कमीच धरावी. यंत्रणेस स्थिरावण्यास अर्धा-एक सेकंद लागतो, म्हणून बटन अर्धे दाबून, दर्शिकेतील प्रतिमा जणू गोठल्यासारखी होईपर्यंत थांबून, मग ते पूर्ण दाबावे. जुन्या धर्तीच्या भिंगांत तिपाईवर ही यंत्रणा बंद करणे अवश्य असते, नाहीतर नसलेला कंप निवारण्याच्या प्रयत्नात ती स्वतःच कंप निर्माण करते. आणि अर्थातच, देवळावरील झेंड्याची किंवा लेखासमोर डुलणाऱ्या पिंपळाच्या फांदीची हालचाल ती थांबवू शकत नाही.

एवढे सर्व साधूनही चित्र अस्पष्ट निघाले, तर दोष कंपाचा नसून केंद्रीकरणाचा असण्याचा संभव असतो. या दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. कंपाने हललेल्या चित्रात दगडावरील अभ्रकाचा चमकता कण किंवा पाण्याचा थेंब छोट्या रेघेसारखा दिसतो, आणि सर्व रेघा एकाच दिशेच्या असतात. केंद्रीकरण चुकलेले असेल तर तोच कण गोल चकतीसारखा दिसतो. आणि बहुधा चित्रात दुसरे काहीतरी, भिंतीतून बाहेर आलेला हत्तीचा गंडस्थल किंवा पुढची तुळई, उत्तम स्पष्ट असते. विद्यार्थ्यांनी चित्र टाकून देण्यापूर्वी हे निदान अवश्य करावे, कारण एका दोषावरचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. झडपेचा वेग कितीही वाढविला तरी चुकलेले केंद्रीकरण सुधारत नाही. उलट कमी प्रकाशात वेग वाढविण्यासाठी रंध्र पूर्ण उघडले तर ते अधिकच बिघडते.

३०० मिलिमीटर केंद्रांतर, एफ ५·६ रंध्र आणि पंधरा मीटर अंतर यांस स्पष्टतेची खोली जुन्या कोष्टकाप्रमाणे, म्हणजे ०·०३ मिलिमीटरचे अस्पष्टतावर्तुळ चालवून घेतल्यास, सुमारे ८४ सेंटिमीटर येते. एकेक चित्रबिंदू तपासणाऱ्यास ते वर्तुळ दोन चित्रबिंदूंहून मोठे चालणार नाही. तसे धरल्यास खोली ३४ सेंटिमीटरच उरते, आणि पाच मीटरवर तर ती चार सेंटिमीटरांहूनही कमी होते. भिंतीतील सपाट लेखास हे पुरते. परंतु वेरूळच्या सोळाव्या लेण्यातील रामायणपटासारख्या उठावदार शिल्पांत, किंवा कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभशीर्षांवरील गजारूढ मिथुनांत, पुढच्या हत्तीची सोंड व मागच्या स्त्रीचा अलंकार एकाच वेळी स्पष्ट मिळण्यास एफ ११ पर्यंत जावे लागते. त्यापुढे जाण्यात लाभ नाही. एफ १६ वर विवर्तनामुळे प्रकाशबिंदूची प्रतिमाच सुमारे ०·०२१ मिलिमीटर व्यासाची होते, म्हणजे तीन चित्रबिंदूंहून अधिक. बहुतेक झूम भिंगे सर्वांत लांब केंद्रांतरावर व पूर्ण उघड्या रंध्रावर किंचित मऊ असतात. एक पायरी रंध्र लहान केल्याने त्यांत चांगलाच फरक पडतो.

स्वयंचलित केंद्रीकरण अनेक बिंदूंवर सोडल्यास कॅमेरा सर्वांत जवळची व सर्वांत विरोधी छटांची वस्तू निवडतो. ती वस्तू म्हणजे आपला लेख असेलच असे नाही. बिंदू एकच निवडावा आणि तो लेखाच्या चौकटीच्या कडेवर धरावा, कारण झिजलेल्या अक्षरांपेक्षा तेथे छायाप्रकाशाचा फरक अधिक असतो. केंद्रांतर बदलल्यावर केंद्रीकरण पुन्हा करावे. पुष्कळांची सवय अशी की ३०० वर केंद्रीकरण करावयाचे आणि मग रचना साधण्यासाठी २०० वर यावयाचे; स्थिरचित्रणाची बहुतेक झूम भिंगे केंद्रांतर बदलताना केंद्रबिंदू राखीत नाहीत, त्यामुळे ही सवय घातक आहे. तिपाई असेल तर पडद्यावरील प्रतिमा दहापट मोठी करून हाताने केंद्रीकरण करणे, हे सर्वांत विश्वसनीय.

आणखी एक कारण असे आहे की ज्यावर कोणत्याही भिंगाचा इलाज चालत नाही, ते म्हणजे मधली हवा. कैलास लेण्याच्या सभोवतीच्या डोंगरकड्यावरून त्याचे शिखर फार सुरेख दिसते आणि टेलिफोटो भिंगाने त्यावरील बारीक कोरीवकाम टिपण्याचा मोह होतोच. एप्रिलच्या दुपारी बारा वाजता हा प्रयोग करून पाहावा : तापलेल्या काळ्या कातळावरून वर चढणारी हवा निरनिराळ्या घनतेची असल्याने प्रकाशकिरण सतत वाकतात, आणि शिखराच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या लवलवतात. अशा चित्रांचे लक्षण हे की एका चित्रात एक भाग ठीक तर दुसऱ्यात दुसरा, आणि सरळ रेघा नागमोडी. तिपाई, वेगवान झडप, कंपनिवारण, यांपैकी काहीही तेथे उपयोगाचे नाही. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात जावे, नाहीतर जवळ जावे. शहरातून वातानुकूलित गाडीने येऊन कॅमेरा बाहेर काढताच भिंगावर दव जमते, हा पावसाळ्यातील वेगळा प्रकार. पिशवी न उघडता तिला वीस मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावे. भिंगाच्या रक्षणार्थ लावलेली हलक्या प्रतीची काच लांब केंद्रांतरावर प्रतिमा बिघडविते, तेव्हा महत्त्वाचे काम करताना ती काढून ठेवावी.

प्रकाशाच्या दिशेविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच नमूद करतो की, समोरून पडलेल्या सपाट प्रकाशात घेतलेले पूर्ण स्थिर चित्रही वाचता येत नाही, आणि भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उन्हात थोडे हललेले चित्रसुद्धा पुष्कळ सांगून जाते. पूर्वाभिमुख भिंतीवर असे ऊन केव्हा येते याची चौकशी देवळाच्या पुजाऱ्याकडे करावी. त्यास ते घड्याळाच्या काट्यासारखे ठाऊक असते.

हल्ली अस्पष्ट चित्रे यंत्राने सुधारून देणारे संगणकीय कार्यक्रम सहज मिळतात, आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांत तर अशी सुधारणा न सांगताही होते. सामान्य चित्रास ते ठीक आहे. शिलालेखाच्या बाबतीत त्यांचा वापर करणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते पुराव्याशी केलेली लबाडी होय, मग ती अजाणता का असेना. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला असा कार्यक्रम हरवलेली रेघ शोधून काढीत नाही; हजारो दुसऱ्या चित्रांवरून शिकलेल्या आकारांपैकी जवळचा आकार तेथे बसवितो. त्याने १ चा ९ केला तर तो ९ इतका रेखीव असेल की कोणास संशयही येणार नाही. प्रबंधास जोडावयाचे चित्र कॅमेऱ्याच्या मूळ ‘रॉ’ नोंदीवरून, केवळ उजेड व विरोध यांत फेरफार करून तयार करावे, आणि केलेले फेरफार चित्राखाली लिहावे. शंकास्पद अक्षर कंसात देण्याची जी शिस्त आपण लेखवाचनात पाळतो, तीच चित्रासही लागू आहे.

जागेवरून हलण्यापूर्वी चित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून, ओळीच्या दोन्ही टोकांचे एकेक अक्षर व मधील सर्व अंक तपासावेत. उन्हात पडदा दिसत नसेल तर डोक्यावर उपरणे किंवा ओढणी घेऊन पाहावे. लोक हसतील, त्यास इलाज नाही. अंतर, केंद्रांतर, वेळ व आपण उभे होतो ती जागा वहीत टिपून ठेवावी, म्हणजे पुन्हा जाणाऱ्यास त्याच जागी उभे राहता येते.

आणि बिघडलेली चित्रे पुसून टाकू नयेत. आरंभी सांगितलेल्या लेखात शकापुढे संवत्सराचे नावही कोरलेले होते, ते देखील तसेच अस्पष्ट होते. दक्षिणेत रूढ असलेल्या गणनेप्रमाणे शक १६१२ हे प्रमोद संवत्सर आणि शक १६९२ हे विकृति संवत्सर. साठांपैकी ज्या चित्रांत कंप उभा होता, त्यांत दंड शाबूत होते. ज्यांत तो आडवा होता, त्यांत शिरोरेखा व तिच्या वरचा भाग ओळखू येत होता. ‘प्रमोद’ या शब्दात पूर्ण उंचीचे दंड तीन आणि शिरोरेखेवर मात्रा एके ठिकाणी. ‘विकृति’ या शब्दात दंड पाच आणि शिरोरेखेवर वेलांट्या दोन ठिकाणी. पहिल्या प्रकारच्या चित्रांत त्या विद्यार्थ्यास पाच दंड मोजता आले आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत शिरोरेखेच्या वर दोन उंचवटे दिसले. प्रबंधात शक १६९२ असे वाचन दिले आहे, तिसरा अंक कंसात ठेवून, आणि ही दोन्ही चित्रे परिशिष्टात शेजारी शेजारी छापली आहेत.